देवदारी खोक्यांची जमीन

आमच्या घरमालकांचा या जगात पूर्ण विश्वास फक्त पाणसळीवर होता. गवंड्यांकडे असते ती. लाकडी पट्टी, मधे काचेची नळी आणि नळीत एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की जागा सपाट. देव, सरकार, डॉक्टर आणि आमचा दूधवाला या चौघांविषयी त्यांच्या मनात शंका होत्या, बुडबुड्याविषयी नव्हती.

मी नगरला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि त्यांच्याकडे खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. एकटी मुलगी भाड्यानं खोली मागते म्हटल्यावर त्या काळी जे दहा प्रश्न अंगावर यायचे, त्यातला एकही आला नाही. त्यांनी खोलीच्या फरशीवर पाणसळ ठेवली आणि म्हणाले, "बघा."

मी वाकून बघितलं.

"बुडबुडा कुठं आहे?"

"मधे."

"झालं तर. बाकी बोलण्यासारखं काही नाही. भाड्याचं आमच्या घरात विचारा."

'घरात' म्हणजे काकूंना. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हसत होत्या. त्यांनी ते दहाही प्रश्न विचारले, वर चहा दिला आणि जाताना हळूच म्हणाल्या, "पलंग ठेवलात की त्यांना बोलावू नका हं. पायाखाली कागदाच्या घड्या घालत बसतील दोन दिवस." मी बोलावलं नाही. तरी ते आले, आणि दोन दिवस बसले.

बांधकाम खात्यातून ते ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. तिकडे अकोले तालुक्यातल्या डोंगरापासून इकडे खर्ड्यापर्यंत कुठल्या रस्त्याखाली त्यांची मोरी आहे, हे ते एस.टी.त बसून डोळे मिटून सांगत. गाडी मोरीवरून गेली की डोळे न उघडता "आमची" म्हणत. दुसऱ्या कुणाची असली, तर नुसतं "छे!" घरात खाकी अर्धी विजार, वर सदरा आणि कानावर पेन्सिल. जेवतानाही ती पेन्सिल खाली उतरत नसे, कारण जेवतानाच त्यांना पत्रव्यवहार सुचे. एकदा मी काकूंकडे वाटी परत द्यायला गेले, तर मांडणीला कागद टोचलेला. "विषय : आजची आमटी. सदर आमटीत मीठ मंजूर प्रमाणापेक्षा अधिक आढळले. खुलासा व्हावा." खाली काकूंच्या अक्षरात "पाहिले". दुसऱ्या दिवशी काकूंनी आमटीत मीठच घातलं नाही. ते काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मंजुरी आली की घालते."

'अंदाजे' हा शब्द त्या घरात उच्चारायची सोय नव्हती. मी नवीन असताना एकदा विचारून बसले, "काकू बाजारातून अंदाजे किती वाजता येतील?" त्यांनी माझ्याकडे दुःखानं पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "अंदाजानं पूल पडतात."

अशा या सरळ, सपाट माणसाच्या आयुष्यात वाकडी गोष्ट एकच होती, आणि ती म्हणजे त्यांच्या झोपायच्या खोलीतला गालिचा.

भिंगारच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या सामानाचे लिलाव होत. घर बांधलं त्या वर्षी त्यांनी तिथून तो आणला होता. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातला, जांभळट लाल रंगाचा, भला मोठा. तो बसावा म्हणून खोलीचं माप बदललं होतं, घर आधी आणि गालिचा मग अशी सामान्य माणसासारखी त्यांची रीत नव्हती. चारही बाजूंनी खिळे मारून तो भिंतीपर्यंत ताणून बसवला होता. खाली साधा कोबा. वर गालिचा येणारच म्हणून तिथं फरशीचा खर्च केला नव्हता. खिळे मारल्यामुळे तो उचलून झटकायची सोय नव्हती. वीस वर्षं काकू त्याच्यावर झाडू फिरवत होत्या. नगरची धूळ झाडूला दाद देणारी नाही. ती वरून खाली जायची आणि खाली जाऊन राहायची.

काकूंना दमा होता. आधी थंडीपुरता होता, मग बाराही महिने आला. दुष्काळ पडला त्या वर्षी तर धुळीला धरबंधच उरला नाही. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. घरं धुणं सोडाच, फडकं ओलं करून पुसणंसुद्धा चैनीचं झालं होतं. काकू दोन वाक्यं बोलून तिसऱ्याला थांबायच्या. पाण्याचा तांब्या भरून न्यायला उठल्या तर वाटेत ओसरीवर बसायच्या. डॉक्टर घरी आले, त्यांनी खोलीत पाऊल टाकलं आणि ते स्वतःच तीनदा शिंकले.

"हा आधी काढा," ते म्हणाले.

"डॉक्टर, हा कर्नलच्या खोलीतला गालिचा आहे."

"मग कर्नललाही दमा असणार."

डॉक्टर गेल्यावर ओव्हरसियरसाहेब दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मला त्यांचा रागच आला होता, खोटं कशाला सांगू? बायको गुदमरते आहे आणि हा माणूस गालिच्यासाठी रुसतो आहे. पण संध्याकाळी मी त्यांना त्या खोलीत पाहिलं. खाली बसून गालिच्यावरून तळहात फिरवत होते. मला बघून म्हणाले, "घर बांधलं तेव्हा ही म्हणाली होती, कोब्यावर पाय गार पडतात. म्हणून आणला हो." मग माझा राग गेला.

काकूंचा भाऊ अकोल्याजवळच्या गावी शेती करायचा. चैत्रात तो आला आणि बहिणीला घेऊन गेला. "डोंगरातली हवा आहे, चार दिवस राहील," म्हणाला. चार दिवसांचे पंधरा झाले. मग पोस्टकार्ड आलं. ते त्यांनी मला वाचायला दिलं, कारण आपला चष्मा खराब झाला आहे असं त्यांचं म्हणणं होतं. चष्मा उत्तम होता. काकूंनी लिहिलं होतं : "इथे हवा चांगली आहे. मला झोप लागते. दादा म्हणतो, इथेच राहा. मीही विचार करते आहे. तुमच्या गालिच्याला नमस्कार सांगा."

"यातलं शेवटचं वाक्य," ते म्हणाले, "हे चेष्टेनं आहे की गांभीर्यानं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्कड घेऊन ते खिळे उपटायला बसले.

मी सुट्टीची घरी होते, म्हणून मलाही नाकाला पदर बांधून मदतीला उभं केलं. गालिच्याखाली वर्तमानपत्रांचा थर होता, आणि त्याच्याखाली पिठासारखी धूळ, चांगली बोटभर. आम्ही दोघं शिंकून शिंकून बेजार झालो. ते पाटीनं धूळ भरत होते आणि प्रत्येक पाटीला त्यांचा चेहरा उतरत होता. सात पाट्या भरल्यावर ते अंगणात जाऊन बसले. "वीस वर्षं," ते म्हणाले, "हे मी हिच्या उशाखाली साठवत होतो." मी काहीबाही समजूत घातली. ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नसावी.

गालिचा फेकवेना. शेवटी ओळखीच्या एका टांगेवाल्याला दिला. त्यानं तो कापून टांग्याच्या बैठकीला लावला, आणि पुढं वर्षभर ओव्हरसियरसाहेब बाजारात जायचं तर त्याच टांग्याची वाट बघत तासतासभर उभे राहत. आपल्याच गालिच्यावर भाडं देऊन बसणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आता उघडा पडलेला कोबा जागोजागी फुटला होता. त्यावर चाललं की त्याचीच भुकटी उडायची. कुणीही शहाबादी फरशी घातली असती. पण फरशी गार, आणि काकूंचे पाय. मग त्यांना एक जुना डाकबंगला आठवला, तिथं लाकडाची जमीन होती आणि थंडीतही अनवाणी चालता यायचं. झालं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, आणि पुन्हा दीड महिना ती कानावर गेली नाही.

लाकूड कुठलं? पुन्हा कॅम्पातला लिलाव. यंत्रांचे सुटे भाग ज्यात येत ती देवदारी खोकी. दोन बैलगाड्या भरून खोकी आली. अंगण भरलं, ओसरी भरली, माझ्या खोलीच्या दाराशी उतरंड लागली. खोकी फोडून फळ्या सुट्या केल्या, जुने खिळे काढून दगडावर ठोकून सरळ केले. एक खिळा सरळ झाला की ते तो डोळ्याजवळ धरून बघायचे, समाधान झालं तर डब्यात, नाही तर पुन्हा दगडावर. फळ्यांवर इंग्रजी अक्षरं छापलेली. कुठं बाण, कुठं आकडे. 'जपून हाताळा' अशा अर्थाचे शब्द असलेली फळी त्यांनी रंधा न मारता वेगळी ठेवली आणि काकूंच्या पलंगाशेजारी येईल अशी योजना केली. मी हसले तर म्हणाले, "सूचना योग्य जागी लावलेली बरी."

गल्लीच्या तोंडाशी एक सुतार राहायचा. ओव्हरसियरसाहेबांनी त्याला काम दिलं नव्हतं. काम स्वतःच करायचं हे ठरलेलं. पण दुष्काळात त्यालाही काम नव्हतं, म्हणून तो रोज यायचा, उंबऱ्यावर बसायचा, तंबाखू मळायचा आणि बघायचा. दुसऱ्याचं चुकतंय आणि आपल्याला हात लावायची परवानगी नाही, यासारखा छळ कारागिराला दुसरा नसावा. करवत तिरकी गेली की त्याच्या तोंडून "आई गं" निघायचं, बोट चेचल्यासारखं.

आधी कोब्यावर आडव्या रिपा बसवल्या, त्यावर फळ्या ठोकायला सुरुवात झाली. एक फळी ठोकायची, पाणसळ ठेवायची, बुडबुडा बघायचा, फळी उखडायची. पहिल्या आठवड्यात तीन फळ्या झाल्या. चौथ्या दिवशीच सुतारानं मान हलवली होती.

"सायेब, भितीला बोटभर फट ठिवा. फळीफळीतबी जरा सोडा. लाकूड हाय ते. पानी पिलं की फुगतंय."

"मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "कामात फट ठेवली नाही."

"मोरीत न्हाई ठिवली, बराबर हाय. दगुड फुगत न्हाई."

"फटीत धूळ बसेल."

"बसंल की. झाडायची."

"धुळीसाठीच तर सगळं चाललंय रे बाबा!" त्यांचा आवाज एकदम चढला आणि तसाच उतरला. "हिच्या खोलीत मला धूळ नको. एक कण नको."

सुतारानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. फळ्या एकमेकींना अशा घट्ट बसवल्या की मधे पोस्टकार्ड जाईना. पोस्टकार्ड घालूनच ते तपासत. तरी दिसणारी रेघ सरस आणि लाकडाचा भुसा कालवून बुजवली. भिंतीला लागणारी फळी तर हातोड्यानं ठोकून आत घातली. त्या वैशाखात हवा इतकी कोरडी होती की लाकूडच काय, माणसंही वाळून निम्मी झाली होती. फुगण्याबद्दल कुणी बोललं तर हसू यावं असे दिवस.

काम खिडकीकडून दाराकडे सरकत आलं. शेवटच्या दिवशी फक्त दारामागचा तुकडा उरला. दार आत उघडणारं. दार उघडं असताना त्याच्यामागे ठोकता येईना, म्हणून त्यांनी दार लावून घेतलं आणि आत बसून ठोकत राहिले. दुपारी ठोकणं थांबलं. मग आतून दार ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"बाई," खिडकीतून हाक आली.

मी गेले. गजांच्या मागे ते उभे होते, घामानं निथळत आणि अत्यंत शांत.

"जमीन दोन इंच उचलली गेली आहे," ते म्हणाले. "दार उचललं गेलेलं नाही."

मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष करून पुढं सांगितलं, "ही बाब अंदाजपत्रकातून सुटली."

सुताराला बोलावलं. तो धावत आला. दीड महिन्यांत पहिल्यांदा त्याचा सल्ला कुणी मागितला होता. त्यानं खिडकीशी उकिडवं बसून आधी तंबाखू मळली.

"सायेब, बिजागरीची खीळ खालनं वर ठोका. निघंल."

"गंजली आहे."

"त्याल सोडा."

मी तेलाची वाटी गजांतून आत दिली. मग पाणी दिलं. मग पोहे दिले, कारण खीळ दोन तास निघाली नाही. गल्लीतली चार माणसं येऊन उभी राहिली. त्यातल्या एकानं विचारलं, साहेबांना आत कुणी ठेवलं? "तपासणी चालू आहे," आतून उत्तर आलं. शेवटी दार सुटलं आणि त्यांच्यासकट बाहेर आलं. सुतारानं ते आपल्या हातानं खालून दोन इंच कापून, रंधा मारून बसवून दिलं. तेवढं काम त्याला करू दिलं गेलं.

मग पोस्टकार्ड गेलं. "शयनगृहातील लाकडी जमिनीचे काम पूर्ण. धूळ आढळत नाही. तपासणीस यावे." उत्तर आलं, भाताची लावणी आटोपली की बघू. लावणी आटोपली. पुन्हा पत्र गेलं. उत्तर आलं, दादाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, नंतर बघू. त्या दोन-तीन महिन्यांत त्यांनी त्या खोलीत कुणाला पाऊल टाकू दिलं नाही, स्वतःही झोपले नाहीत. ओसरीवर सतरंजी टाकून झोपायचे. "तपासणी होण्याआधी रहदारी सुरू करता येत नाही," म्हणायचे. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं सगळी जमीन पुसायची, फडकं पांढऱ्या कागदावर झटकायचं आणि कागद मला आणून दाखवायचा. "आहे काही?" "काही नाही." "काही नाही ना?" असं दोनदा विचारायचे. एकदा कागद दाखवून झाल्यावर म्हणाले, "बाई, आता तिनं यायला काय हरकत आहे?" मी शाळेच्या घाईत होते. "येतील हो," एवढंच म्हणून निघाले, याचं अजून वाईट वाटतं.

त्या साली पाऊस झाला होता. विहिरी भरल्या, नळाला रोज पाणी येऊ लागलं. आणि पितृपक्ष संपत आला तेव्हा काकू आल्या. घरचे घट बसवायचे तर घरच्या बाईनं बसवायला हवेत, म्हणून आल्या. टांग्यातून उतरल्या तेव्हा हातात एकच पिशवी. ओव्हरसियरसाहेब टांग्यात वाकून आणखी काही सामान आहे का बघत राहिले. नव्हतं.

"दसऱ्याला परत जाईन म्हणते," काकू म्हणाल्या. "दादाला तसं सांगून आलेय."

"हरकत नाही," ते म्हणाले, आणि ती एकच पिशवी उचलून आत गेले.

जमीन काकूंनी बघितली. अनवाणी एकदा चालून बघितली, पलंगाजवळच्या फळीवरची अक्षरं मला वाचायला लावली, आणि ऐकून गालात हसल्या. छान झालीय, असं म्हणाल्या. पण राहते, असं नाही म्हणाल्या. रोज सकाळी ओव्हरसियरसाहेबांचा पहिला प्रश्न, "झोप लागली?" आणि काकूंचं उत्तर, "बघू." माणूस वीस वर्षं गुदमरला की चार दिवसांच्या मोकळ्या श्वासावर त्याचा विश्वास बसत नाही. ते मला तेव्हा कळत होतं, त्यांना कळत नव्हतं.

घट बसायला दोन दिवस होते. जामखेडकडे कुणाच्या तरी विहिरीचं बांधकाम खचलं होतं, तिकडं सल्ला द्यायला ते गेले. उद्या दुपारी येतो म्हणाले. ते गेले आणि काकूंनी पदर खोचला.

नवरात्राआधी सगळं घर धुवायचं, ही आपल्याकडची रीत. अंथरुणं-पांघरुणं, डबे, फडताळं, भिंती, जमिनी. दुष्काळात दोन नवरात्रं नुसती पाणी शिंपडून झाली होती, आणि ती गोष्ट काकूंच्या मनात काट्यासारखी होती. आता हौद काठोकाठ भरलेला. आम्ही दोघींनी स्वयंपाकघर धुतलं, माजघर धुतलं, ओसरी धुतली. पाणी असं वाहत गेलेलं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आम्हाला चेव चढला. काकू गात होत्या. आणि गातगातच आम्ही झोपायच्या खोलीत शिरलो. मी शिकलेली बाई. सुताराचं बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. अकरा बादल्या आम्ही त्या जमिनीवर ओतल्या, ती खराट्यानं घासली, आणि पाणी बाहेर कमीच का येतंय याचं थोडं नवल करून हात पुसले.

संध्याकाळपासून त्या खोलीतून टक्, टक् असे आवाज येऊ लागले. "उंदीर असेल," काकू म्हणाल्या. सकाळी दार उघडलं तर जमीन मधोमध चांगली वीतभर वर आली होती, पुरीनं फुगावं तशी. पलंग एका अंगाला कलला होता. काकू दाराला धरून उभ्या राहिल्या.

सुतार आला. त्यानं बघितलं, डोक्यावरची टोपी काढली.

"आता हात लावू नगा," तो म्हणाला. "पोटात पानी हाय तिच्या."

"खाली बसेल का हो?" काकूंनी विचारलं.

"काय सांगावं, काकू."

दुपारी ते आले. नेहमीप्रमाणे दाराशी चपला काढल्या, नेहमीप्रमाणे आधी त्या खोलीकडे वळले. आम्ही तिघं तिथंच उभे होतो. त्यांनी आत पाहिलं. काकूंचे डोळे भरून आले.

"मीच धुतली हो," त्या म्हणाल्या. "बाईंना काही बोलू नका. मला सुचलंच नाही. तुम्ही एवढं केलंत आणि मी—"

"किती बादल्या?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"किती बादल्या ओतल्या?"

"अकरा," मी म्हटलं.

"हौदावरून?"

"हो."

"कुणी आणल्या?"

"सात मी. चार काकूंनी."

"भरलेल्या?"

"भरलेल्या."

ते काकूंकडे वळले. मला वाटलं, आता बांध फुटणार. पण त्यांचा आवाज इतका हळू होता की सुतारही पुढं वाकला.

"हौदावरून भरलेली बादली तू चारदा आणलीस. मग घासलंस. मधे किती वेळा बसलीस?"

"बसतेय कुठली! सगळं घर आवरायचं होतं. आधी स्वयंपाकघर, मग माजघर, मग—" काकू बोलता बोलता थांबल्या. या वेळी दम लागून थांबल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "मी बसलेच नाही."

ओव्हरसियरसाहेब खाली बसले. त्या फुगलेल्या जमिनीच्या उतारावरच बसले. तोंड ओंजळीत धरलं, खांदे हलायला लागले. आम्हाला कळेना, रडताहेत की हसताहेत. त्यांनाही कळत नसावं. सुतार भिंतीकडे बघत उभा राहिला.

"अहो, उठा," काकू म्हणाल्या. "ओलं आहे ते. उठा म्हणते ना. आणि दादाला पत्र टाका एक."

"काय लिहू?"

"दसऱ्याला न्यायला येऊ नको म्हणावं. ही एवढी खोली कोण वाळवणार?"

त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं. मग खोलीभर नजर फिरवली, साइटवर फिरवत तशी, आणि दारामागच्या कोपऱ्याशी येऊन ती थांबली.

"बाई, उभ्या काय राहिलात?" ते माझ्यावर ओरडले. "तो कोपरा कोरडा राहिलाय. आणा आणखी एक बादली. हिला आणू दे. मला बघायचंय."